अप्पांच्या गाडीचा गुलाबी नॉब

९ सप्टेंबर

ही दैनंदिनी क्लबच्या नियमामुळे लिहायला घेतली आहे. जुन्या मोटारींच्या वार्षिक प्रदर्शनात 'जीर्णोद्धाराची नोंद' या सदराला वेगळे गुण असतात. अध्यक्ष म्हणाले, रोज लिहिलंच पाहिजे असं नाही, पण लिहाल ते खरं लिहा. मी आयुष्यभर सरकारी नोकरीत दुकानदारांची वजनंमापं तपासली आहेत, मला हे कोणी सांगायला नको. मध्येच घरगुती मजकूर आलाच, तर वही देण्याआधी ती पानं काढून टाकीन.

तर नोंद. मोटार ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, उघडी, मागे दुमडणारा कापडी टप, तारांची चाकं. बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. मूळ मालक माझे सासरे, म्हणजे अप्पा. ते दातांचे डॉक्टर होते. जाण्यापूर्वी त्यांनी गाडी मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नावावर केली. तेव्हापासून ती आमच्या गॅरेजात चादर पांघरून उभी आहे. निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती चादर ओढली.

हिला बेत सांगितला. म्हणाली, "सुरू झाली तर फार बरं होईल. मला एकदा तीत बसून अप्पांच्या दवाखान्याच्या रस्त्याने जायचंय. टेकडीच्या वळणावरून."

म्हटलं, "नुसती सुरू नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा होती, हुबेहूब तशी करतो. सुवर्णपदक आणतो."

"सुरू झाली तरी पुष्कळ," असं म्हणून ती गॅस बारीक करायला गेली. ध्येय लहान ठेवायची हिची जुनीच सवय आहे.

१७ सप्टेंबर

अध्यक्ष स्वतः गाडी बघायला आले. क्लबच्या कामाला निघाले की ते चामडी हातमोजे घालतात आणि चहा पितानाही काढत नाहीत. भिंग घेऊन त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुखवट्याला आलेला माणूस ठेवतो तसा.

प्रकार असा आहे की अप्पांनी गाडीची सगळी दुरुस्ती दवाखान्यातल्या सामानाने केलेली आहे. स्टिअरिंगला तडा गेला तो दात भरायच्या सिमेंटने बुजवला. बाजूचा आरसा फुटला, त्या जागी रुग्णाच्या तोंडात घालायचा छोटा गोल आरसा बसवला. त्यात मागून येणाऱ्या ट्रकचा फार तर एक दिवा दिसेल. टपाची शिवण हिरडीला टाके घालतात त्या दोऱ्याची. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गिअरच्या दांड्यावरचा नॉब. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याचाच अप्पांनी गोळा ओतला आहे. त्यातही हात सफाईचा नाही. उजेडात धरला की आत एक पांढरा खडा अडकलेला दिसतो. मी यादीत लिहिलं: 'ओतकाम सदोष.'

अध्यक्ष म्हणाले, "तुमचे सासरे गाडी चालवत होते की तिच्यावर उपचार करत होते?"

आम्ही दोघे पोट धरून हसलो. ही चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ट्रे ठेवून आत गेली. चहात साखर नव्हती. आजकाल ती विसरते.

४ ऑक्टोबर

आजचा दिवस महत्त्वाचा. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. मिस्त्री हा माणूस बोलायला बसला की आजवर कोणकोणत्या मोठ्या लोकांच्या गाड्या खोलल्या ते सांगतो, आणि त्यातल्या किती परत जोडल्या हे विचारलं की पाणी मागतो. पण हात चालतो. बॅटरी नवी टाकली, टाकी धुतली, आणि गाडी खोकत खोकत जिवंत झाली.

हिला डावीकडे बसवलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत निघालो. मी क्लच दाबला आणि गिअर बदलायला हात नेतो तो काय, हिने आधीच गुलाबी नॉब धरून दुसरा गिअर टाकलेला. मी केवढा दचकलो.

"हात काढ. गिअरबॉक्स नाजूक आहे."

"अप्पा क्लच दाबायचे आणि गिअर मी टाकायचे," ती म्हणाली. "शाळेत जाताना रोज."

म्हटलं, "तेव्हाचं वेगळं. तेव्हा सुटे भाग मिळायचे."

परत येईपर्यंत तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. गॅरेजात आल्यावर म्हणाली, "चालतेय की चांगली. उद्या टेकडीवर जाऊ या?" मी समजावून सांगितलं की ही गाडी चालतेय खरी, पण ही ती गाडी नव्हे. कार्बोरेटर कुठल्यातरी व्हॅनचा आहे, डायनॅमोचा पत्ता नाही, रबरं तर सरळसरळ नवी आहेत. अशा अवस्थेत तिला रस्त्यावर नेणं म्हणजे तिचा अपमान आहे. ही म्हणाली, "कोणाचा?" मी म्हटलं, "गाडीचा."

५ ऑक्टोबर

गाडी पूर्ण खोलायला घेतली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोक बंद गाडी खोलून चालू करायला सांगतात. तुम्ही चालू गाडी बंद करायला सांगताय." मी म्हटलं, तुम्हाला ते कळायचं नाही. त्यांनी आनंदाने मान हलवली आणि मजुरीचं बोलले.

२३ ऑक्टोबर

सुटे भाग मिळवणं म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्यासारखं आहे. फोटोत सगळे देखणे असतात. परदेशातून आरसे मागवले होते, दोन्ही डाव्या बाजूचे आले. पाण्याचा पंप आला तो दोन वर्षांनी धाकट्या मॉडेलचा. पाठवणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी तो थोडा घासून बसवला आहे. थोडा घासून. मी नोकरीत असतो तर या माणसाचा परवाना घासला असता.

काच आणि दारांची रबरं शोधत आज शहराबाहेरच्या एका गोदामात गेलो. तिथला म्हातारा माल कोणालाही देत नाही, आधी परीक्षा घेतो. "चेसिस नंबर?" मी घडाघडा म्हटला. "इंजिन नंबर?" तोही म्हटला. म्हातारा खूश झाला. मग पावतीसाठी घरच्या फोनचा नंबर विचारला, तो मला आठवेना. हिचाही आठवेना. शेवटी गॅरेजच्या पत्त्यावर पावती केली.

रबरं मात्र अस्सल मिळाली. कारखान्याच्या मूळ पाकिटातली, मूळ काळातली. त्यामुळे अर्थात कडक झाली आहेत आणि ठिकठिकाणी भेगाळली आहेत. मिस्त्रींनी विचारलं, यातून पाणी आत येणार नाही का? मी त्यांना पुस्तकातलं पान दाखवलं. ही गाडी नवीकोरी विकत घेतली तेव्हाही पाणी आत यायचंच. नव्या रबरांनी ते येत नव्हतं, म्हणजे चूक नव्या रबरांची होती.

११ नोव्हेंबर

मूळ स्टिअरिंग मिळालं. अध्यक्षांच्या ओळखीने, फार लांबून, गवताच्या गादीत गुंडाळून आलं. खोललं तर त्याला तडा. अप्पांच्या स्टिअरिंगला होता अगदी त्याच जागी. अध्यक्ष म्हणाले, हीच अस्सलपणाची खूण. त्या काळी सगळ्यांनाच इथे तडा जायचा. मिस्त्री विचारत होते की हा कशाने भरायचा. भरायचा नाही, नियमात बसत नाही. धरताना जरा तळहात चिमटतो, पण तडा कंपनीचा आहे.

अप्पांचं सगळं सामान, तोंडाचा आरसा, सिमेंटचं स्टिअरिंग, टाक्यांचा टप, गुलाबी नॉब, एका खोक्यात भरून कोपऱ्यात ठेवलं.

रात्री जेवताना हिने विचारलं, "तो नॉब ठेवलात ना?"

"सगळं खोक्यात आहे."

"नीट ठेवा हं. तुम्हाला माहीत आहे ना तो."

म्हटलं, माहीत आहे. न माहीत असायला काय झालं, यादीत त्याचा अनुक्रमांकसुद्धा आहे.

२ डिसेंबर

गॅरेजात पाय ठेवायला जागा राहिली नाही. अध्यक्ष आले होते, म्हणाले ते अवैध सामान प्रदर्शनापूर्वी इथून हलवलेलं बरं, परीक्षकांनी पाहिलं तर मनात शंका येते. खोकं त्यांनीच गाडीत टाकून नेलं. क्लबच्या भंगारात देऊन टाकतो म्हणाले. केवढी मदत करतात. मोकळ्या जागेत मी परदेशी दिव्यांची पेटी ठेवली.

२८ डिसेंबर

आता सगळं जमलं आहे, अडलंय ते एका नॉबवर. गिअरचा दांडा बोडका उभा आहे आणि त्याच्या टोकाचे स्क्रूचे आटे तळहाताला टोचतात. मूळ नॉब काळा, गोल, वर गिअरचा नकाशा कोरलेला. साधी वस्तू. पण साधी असल्यामुळेच कोणी जपून ठेवली नाही. आतापर्यंत चार आले आणि चारही परत गेले. एक तर दाराची मूठ निघाला.

अध्यक्ष म्हणतात नॉबशिवाय सुवर्णपदकाची आशा सोडा. झोप उडाली आहे. हिला सांगितलं तर म्हणाली, "आपला लावा की." मी हसलो. मग तीही हसली, पण जरा उशिरा.

१९ जानेवारी

देव पावला म्हणायचं.

क्लबच्या लिलावाची माहितीपुस्तिका फोनवर आली. त्यात शेवटच्या पानावर ही वस्तू: 'कारखान्याने शर्यतीच्या मोजक्या गाड्यांसाठी खास बनवलेला गिअर नॉब. प्रवाळी राळेत हस्तिदंताचा जडाव. पितळी कड. जगात बहुधा एकमेव.' काळ्या मखमलीवर ठेवून फोटो काढलाय. खालून प्रकाश सोडलाय, त्यामुळे आतला हस्तिदंत चंद्रासारखा दिसतो.

पाहताक्षणी मला एक गोष्ट लख्ख कळली. अप्पांनी असा नॉब कुठेतरी पाहिला असणार, आणि घरी कवळीच्या मसाल्यात त्याची नक्कल केली असणार. रंग साधारण तोच, आकार तोच. फक्त हस्तिदंताच्या जागी बिचाऱ्यांकडून खडा पडला. अस्सल आणि नक्कल यांतला फरक समजायला नजर लागते. ही नोंद परीक्षकांना नक्की आवडेल.

हिलाही फोटो दाखवला. ती फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा कुठला?"

"कारखान्याचा. हा हस्तिदंत बघ."

"विकतंय कोण?"

"नाव देत नाहीत. क्लबमार्फत असतं."

"आपला नॉब कुठे आहे?"

सांगितलं, खोकं अध्यक्षांनी भंगारात नेलं. तिने फोन माझ्या हातात परत दिला. थोड्या वेळाने गॅरेजात आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "एक ऐका. त्या नॉबच्या नादी तुम्ही लागू नका. तुम्ही बोली लावायची नाही. मला शब्द द्या."

आवाज असा होता की मी शब्द देऊन टाकला. खर्चाची काळजी वाटत असणार. मला फार वाईट वाटलं. इतके महिने ती बिचारी तोंडातून ब्र न काढता सगळं सहन करते आहे. म्हणून मी मनाशी ठरवलं की बोली गुपचूप लावायची आणि नॉब तिलाच भेट द्यायचा. दिलेला शब्द मोडला, तरी तो तिच्याच सुखासाठी.

२ फेब्रुवारी

रविवार. लिलाव दुपारी होता. मी फोन घेऊन गॅरेजात, गाडीतच बसलो. बोली लावणाऱ्याने टोपणनाव घ्यायचं असतं. माझं 'प्रमाण'. सुरुवातीला पाचसहा जण होते, ते भराभर गळाले आणि एकच उरला. त्याचं नाव 'हिरडी'. कोणीतरी दातांच्या धंद्यातला असावा. अप्पांच्या व्यवसायातली माणसं या छंदात आहेत हे पाहून बरं वाटलं.

पण माणूस भलता चिवट. मी वाढवलं की हा वाढवायचा. मी विचार करायला थांबलो की हाही थांबायचा. घाम फुटला. गॅरेजची भिंत आणि आमच्या झोपायच्या खोलीची भिंत एकच आहे. पलीकडे ही दार लावून लेकीशी फोनवर बोलत होती. लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. भिंतीतून तुटक तुटक ऐकू येत होतं. "वाढव. अजून एक. नाही, सोडायचं नाही, वाढव." विणकामाचे टाके सांगत असावी. मला त्या आवाजाने उलट धीर आला आणि मीही वाढवत गेलो.

किती वाढवलं तो आकडा इथे लिहीत नाही. ही वही पुढे परीक्षकांच्या हाती जाईल, आणि त्यांच्याआधी हिच्या.

शेवटी हिरडी थांबला. नॉब माझा झाला. आनंदाने मी हॉर्न वाजवला.

घरात आलो तर ही ओट्याशी पाठमोरी उभी. डोळे लाल. म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं. सकाळचं उरलेलं गरम करून घ्या म्हणाली आणि जाऊन पडली.

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन, मला. सहसा आईला करते.

"बाबा, आईचं एक काम होतं, ते झालं नाही. तिला जरा सांभाळ."

"कसलं काम?"

"ते तूच विचार तिला."

विचारणार होतो, पण तेवढ्यात मिस्त्री आले. टप बसवायचा होता.

१३ फेब्रुवारी

पार्सल आलं. मखमलीची डबी, आत नॉब, सोबत अध्यक्षांच्या सहीचं प्रमाणपत्र. हातात घेतल्यावर वजन जाणवलं, माल ओळखता येतो. दांड्यावर फिरवला तर आटे असे बसले जणू याच दांड्यासाठी केलेत. मिस्त्रींना म्हटलंही, याला म्हणतात अस्सल भाग.

मिस्त्री गेल्यावर हिला हाक मारली. डावीकडे बसवलं. मी उजवीकडे बसलो, प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं आणि नॉबवरचा रुमाल बाजूला केला.

तिने नॉबवर हात ठेवला. अंगठा कुठल्याशा खळगीत जाऊन बसला, मला ती खळगी आधी दिसलीही नव्हती.

मग म्हणाली, "प्रमाण तुम्ही?"

"तुला कसं कळलं?"

"हिरडी मी."

मला पहिल्यांदा काहीच समजलं नाही. मी म्हटलं, तू कशाला बोली लावतेस, तुला काय करायचा होता हस्तिदंत?

"हा हस्तिदंत नाही हो," ती म्हणाली. "माझा दुधाचा दात आहे. पहिला पडलेला. तो हरवेल म्हणून मी रडत होते, तर अप्पांनी यात ओतला. म्हणाले, आता हा हरवायचा नाही."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा या गाडीत बसलात तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. हाच नॉब हातात धरून. तुम्ही म्हणालात, इंजिनात टॅपेट वाजतंय."

तिने नॉब फिरवून काढला. वरची पितळी कड नखाने ओढून सोडवली आणि माझ्या हातात दिली, "ही तुमची, हवी तर." नॉब पदरात गुंडाळून आत गेली.

१४ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. स्वतःची फार लाज वाटते आहे. दिवसभर गॅरेजात बसून होतो. गाडीकडे पाहिलं. तीत आता अप्पांचं काहीही राहिलेलं नाही. मी इतकं नीट काम केलंय.

१८ फेब्रुवारी

खोक्याचं विचारायला अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी हातमोजे घालूनच दार उघडलं. बाकीचं सगळं सामान त्यांनी खरोखरच भंगारात घातलं होतं. नॉब तेवढा क्लबच्या तज्ज्ञांना 'वेगळा' वाटला. त्यांनी अभ्यास करून निष्कर्ष काढला.

मी म्हटलं, "तो माझ्या बायकोचा दात आहे."

अध्यक्ष गंभीर झाले. "म्हणजे हस्तिदंत नाही?"

"नाही."

"मग गुण कापावे लागतील."

मी म्हटलं, "दात मात्र अस्सल आहे." त्यांनी ते टिपून घेतलं. पैसे परत मिळतील का हे विचारायचं मनातही आलं नाही, आणि त्यांच्याही आलं नाही.

घरी ही माझ्याशी बोलते. भाजी काय आणायची, गॅसवाला आला का, असं सगळं बोलते. यापेक्षा अबोला परवडला असता.

२५ फेब्रुवारी

आज ते अस्सल स्टिअरिंग काढलं, पिशवीत मावेना म्हणून तसंच काखेत मारलं आणि बसने दातांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर गाल सुजलेली माणसं बसली होती. त्यांच्यात मी स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसलो. एक बाई सरकून बसल्या. त्यांना वाटलं असेल मी बस घेऊन आलोय.

टेबलामागच्या मुलीने विचारलं, "काय होतंय?"

"तडा गेलाय."

"वरच्या की खालच्या दाताला?"

मी स्टिअरिंग उचलून दाखवलं. ती आत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाई वयाने आमच्या लेकीएवढ्या. मी सगळं सांगितलं, दातासकट. वाटलं होतं हसतील. हसल्याही, पण मग म्हणाल्या, शेवटचे पेशंट होईपर्यंत थांबा.

खुर्चीच्या दिव्याखाली स्टिअरिंग धरून बसलो. त्यांनी तडा साफ केला, सिमेंट भरलं, निळा दिवा मारला, घासून गुळगुळीत केला. म्हणाल्या, "झालं. तासभर चावू नका." मग स्वतःच हसल्या. निघताना मी एक तोंडात घालायचा आरसा विकत मागितला, तर त्यांनी जुना एक तसाच दिला. पैसे घेताना म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, कल्पना चांगली होती." मी हो म्हटलं. काय सांगणार.

२६ फेब्रुवारी

भेगाळलेली अस्सल रबरं काढून नवी घातली. आरसा बसवला. त्यात मागचा एकच दिवा दिसतो. मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, आता कोणत्या सालची करायची?" मी म्हटलं, "हिच्या शाळेच्या सालची." मिस्त्रींनी पहिल्यांदाच कोणा मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली नाही. टपाला दोऱ्याचे टाके मी स्वतः घातले. वाकडे आले आहेत.

३ मार्च

अध्यक्षांचा फोन. प्रदर्शन तोंडावर आलं, गाडीची दैनंदिनी अजून जमा झालेली नाही. एवढ्या बारकाईने लिहिलेली नोंद इतर कोणाकडे नाही असं ऐकून आहेत म्हणे.

मी म्हटलं, "घरगुती पानं काढल्यावर वहीत काही उरत नाही."

"आणि गाडी?"

"ती माझी नाही. मालकिणीला विचारून सांगतो."

हिला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

९ मार्च

सकाळी गाडी गॅरेजातून काढून दाराशी उभी केली. बोडक्या दांड्याने गिअर टाकताना तळहात सोलला. हॉर्न वाजवला नाही, नुसता बसून राहिलो. येईल की नाही ठाऊक नव्हतं.

ती पर्स घेऊन आली. आधी बाजूचा आरसा पाहिला. मग आत वाकून स्टिअरिंगवरून बोट फिरवलं, जिथे सिमेंट भरलंय तिथे थांबली. टपाचे टाके पाहिले आणि म्हणाली, "हे तुम्ही घातलेले दिसताहेत." डावीकडे बसली, पर्स उघडली, रुमालातून नॉब काढला आणि दांड्यावर फिरवून घट्ट बसवला. मला हात लावायला सांगितलं नाही. मीही लावला नाही.

निघालो. बाजारापर्यंत मीच गिअर टाकले, तिच्या हाताला हात लागणार नाही इतक्या बेताने. ती समोर पाहत होती. जुना दवाखाना लागला. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. मी गाडी सावकाश केली, ती "चला" म्हणाली.

मग टेकडीचा चढ आणि ते वळण. इंजिन दमायला लागलं, दुसरा गिअर हवाच होता. मी क्लच दाबला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी मंदावली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होता, आरशात त्याचा एक दिवा दिसत होता. मी हात हलवले नाहीत. टॅपेट वाजत होतं, तेही मी बोललो नाही.

डावीकडून खटका ऐकू आला. दुसरा गिअर पडला. मी क्लच सोडला आणि गाडी वर चढली.

वळण संपल्यावर ती म्हणाली, "अप्पा क्लच दाबायला एवढा वेळ लावत नसत."

म्हटलं, पुढच्या वळणाला लवकर दाबतो.